पेरणीची घात आली हे नेमकं कशावरून ओळखायचं?

शिवारफेरी

नमस्कार मंडळी. लातूर जिल्ह्यात ४ एकर भारी काळी आणि दीड एकर मुरमाड जमीन आहे. दोन्हीकडे सोयाबीन, त्यात तुरीचे तास (ओळी) असा बेत आहे. ७ जूनपासून आजवर महसूल मंडळाच्या पाऊस मोजायच्या यंत्रावर ४६ मिमी पाऊस दिसतोय. मोबाइलवरचं ॲप मातीतला ओलावा ३८ टक्के दाखवतं आणि 'पेरणीस योग्य' असा हिरवा शिक्का मारून मोकळं होतं. शेजारचे बाबा काळ्या रानात चार पावलं गेले, ढेकूळ उचललं, बोटांत फिरवलं आणि म्हणाले, "घात न्हाई अजून. मिरुग सरायला आठ दिस हायेत की."

मला तीन गोष्टी नीट समजून घ्यायच्या आहेत. बाबांनी बोटांत नेमकं काय पाहिलं? मिरुग म्हणजे मृग, तर अशा नक्षत्राचा पेरणीशी खरोखर संबंध आहे, की नुसती सवय? आणि दोन्ही रानं एकाच दिवशी पेरली तर काय बिघडतं? ट्रॅक्टरची पाळी परवाची आहे, म्हणून घाई.

काळ्या_रानातला

बाबा बरोबर आहेत, आणि ॲपही खोटं बोलत नाही. दोघं वेगवेगळं मोजताहेत, एवढंच.

आधी शब्दाचं. वापसा (कुठं वाफसा म्हणतात) म्हणजे मातीच्या मोठ्या पोकळ्यांतलं पाणी खाली उतरून तिथं हवा आलेली आणि बारीक पोकळ्यांत पाणी टिकलेलं, अशी अवस्था. बियाला दोन्ही लागतं. घात हा शब्द त्याहून ऐसपैस आहे. मातीचा वापसा, हंगामाची वेळ आणि औत-माणसं हाताशी असणं, या तिन्हींची गाठ पडली की घात आली म्हणायचं. तुमच्याकडं ट्रॅक्टर आहे, वेळ बरी आहे, वापसा नाही.

आता ते ३८ टक्के. काळ्या मातीत आकारमानानं ३८-४० टक्के पाणी असलं तर ती वापशाच्या आसपास असते. मुरमाडात एवढं पाणी टिकतच नाही, तिथं १५-२० टक्क्यांवरच वापसा असतो. म्हणजे एकच आकडा एका रानात बरोबर आणि दुसऱ्यात अशक्य. त्यात उपग्रहावरून काढलेला आकडा वरच्या ५ सेंमी थराचा आणि कित्येक किलोमीटरच्या चौकटीची सरासरी असतो. तुमच्या बांधाच्या अलीकडं काय नि पलीकडं काय, त्याला सगळं सारखंच.

हातानं बघायची रीत अशी. भर दुपारी बघू नका, वरचा पापुद्रा वाळलेला असतो आणि तो फसवतो. उताराच्या माथ्याला, मधे आणि खालच्या बांधाशी अशा तीन जागा घ्या. वरची इंचभर माती खरडून टाका आणि खुरप्यानं ४ इंचांवरची मूठभर माती काढा. मूठ आवळा. तळहात ओला चमकला तर पुढं काही बघायची गरज नाही, घरी जा. नाही चमकला तर लाडू वळा आणि कमरेच्या उंचीवरून खाली सोडा. पडून चपटा झाला तर ओल जास्त. फुटून चार-पाच तुकडे आणि थोडा भुगा झाला तर वापसा. लाडूच वळेना तर कोरडी. काळ्या मातीत आणखी एक खूण बघायची, बाबांनी बहुधा तीच पाहिली. ती माती दोन बोटांत वळून शेवई करा. काडेपेटीच्या काडीएवढी बारीक होईपर्यंत न तुटता वळत राहिली तर औत घालायचं नाही. तेवढी बारीक व्हायच्या आत भुगरून तुटली तर चालेल. तिन्ही जागांपैकी जी सगळ्यात ओली, तिच्यावरून निर्णय घ्या, सरासरी काढू नका.

ओल किती खोल गेली ते वेगळं बघायचं. ८ एमएमची सळई दोन्ही हातांनी दाबा. भिजलेल्या काळ्या मातीत ती सरसर उतरते आणि कोरडा थर लागला की अडते. ढोबळ हिशेब असा की वाळलेली काळी माती १० सेंमी भिजायला साधारण २५ मिमी पाऊस लागतो. तुमचे ४६ मिमी सगळेच्या सगळे मुरले तरी १८ सेंमी, म्हणजे वीतभरही नाही. त्यातही पहिला पाऊस उन्हाळ्यातल्या भेगा पितात. भेगेच्या तळाशी चिखल आणि दोन भेगांच्या मधलं ढेकूळ आत कोरडं, असं चित्र असतं. शिवाय रोजचं चार-सहा मिमी ऊन-वारा उडवून नेतो.

कृषी विभाग ७५ ते १०० मिमी पावसानंतर पेरा म्हणतो, ते बी उगवण्यासाठी नव्हे. उगवायला त्याहून कमीही पुरतं. तो साठा उगवल्यावर पडणाऱ्या दहा-बारा दिवसांच्या खंडासाठी आहे. सोयाबीनच्या बियाला फुगून कोंब काढायला स्वतःच्या वजनाच्या निम्मं पाणी लागतं. अपुऱ्या ओलीत बी अर्धवट फुगतं, वरून ऊन लागतं, आणि जे आत सुरू झालेलं असतं ते परत मागं फिरत नाही. दुबार पेरणी बहुतेक वेळा इथून सुरू होते.

उलट्या बाजूची चूकही तेवढीच महाग. ओल्या काळ्या रानात फण चालवला की फणाच्या दोन्ही अंगांची माती गिलाव्यासारखी लिंपली जाते. चार दिवस ऊन पडलं की ती खोबण उघडते, बी उघडं पडतं, आणि जे उगवतं त्याचं मूळ भिंत फोडून आत न जाता खोबणीतूनच सरळ धावतं. ट्रॅक्टरच्या चाकाखालचा पट्टा तर पुढं ऑगस्टात पिवळ्या सोयाबीनच्या दोन सरळ रेषांनी ओळखू येतो.

पाऊस थांबल्यापासून मुरमाडाला एक-दोन दिवसांत, मध्यम जमिनीला दोन-तीन आणि भारी काळीला चार ते सहा दिवसांत वापसा येतो. आभाळ गच्च राहिलं तर जास्त. तुमच्या दोन रानांना एकाच दिवशी घात येणं जवळजवळ अशक्य आहे.

पर्जन्यमापक

नक्षत्राचं मी सांगतो, कारण याच्यावर दोन टोकाची मतं ऐकू येतात आणि दोन्ही अर्धवट आहेत.

नक्षत्र म्हणजे सूर्याचं कॅलेंडर. आकाशाच्या वर्तुळाचे २७ भाग, प्रत्येक भाग १३ अंश २० कलांचा. सूर्य एकेका भागात तेरा-चौदा दिवस राहतो. जुलैच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून सगळ्यात लांब असते, त्यामुळं सूर्य मंद चाललेला दिसतो आणि पावसाळ्याची पहिली नक्षत्रं चौदा-चौदा दिवसांची भरतात. रोहिणी २५ मे, मृग ८ जून, आर्द्रा २२ जून, पुनर्वसू ६ जुलै, पुष्य २० जुलै, आश्लेषा ३ ऑगस्ट, मघा १७ ऑगस्ट. एखाद्या वर्षी एक दिवस अलीकडं-पलीकडं होतं.

कुणब्यानं तिथी सोडून नक्षत्र का धरलं, याचं उत्तर यातच आहे. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान, म्हणून ज्येष्ठ महिना कधी मेमध्ये सुरू होतो, कधी जूनच्या मध्यावर, आणि मग अधिक महिना घालून गाडी रुळावर आणावी लागते. पाडवा, अक्षय्यतृतीया सगळं हलतं. मृग हलत नाही. अगदीच काटेकोर बोलायचं तर ७२ वर्षांत एक दिवस पुढं सरकतो. शिवकाळात तो आजच्या कॅलेंडरनं ३ जूनच्या सुमारास लागत असणार. हवामान खात्यानं २०२० साली ठरवलेली मुंबईतल्या मोसमी पावसाची सरासरी तारीख ११ जून आहे. म्हणजे घड्याळ बरं लावलेलं आहे. पण घड्याळच. पाऊस येईल की नाही हे ते सांगत नाही.

मग बाबांनी मिरुग सरायला आठ दिवस आहेत असं का म्हटलं? तो अंदाज नव्हता, ती शिल्लक मोजणं होतं. प्रत्येक पिकाचं दार कुठल्या नक्षत्रात बंद होतं हे त्यांना पाठ असतं. मूग-उडीद मृगात किंवा फार तर आर्द्राच्या पहिल्या चरणात (पाव भागात). त्यापुढं पेरला तर भुरी रोगात सापडतो, आणि त्याच रानात पुढं रब्बी ज्वारी घ्यायची असेल तर रान वेळेवर मोकळं होत नाही. ज्वारीचा पेरा १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर, म्हणजे उत्तरा-हस्त, तिथून उलटं मोजत आलं की मुगाची तारीख सापडते. सोयाबीनचं दार पुनर्वसूत, १५ जुलैच्या आसपास लागतं. तेही हुकलं तर बाजरी, तूर, सूर्यफूल, एरंडी, हुलगा. तुमच्या हातात सोयाबीनसाठी अजून महिना आहे. बाबा तेच सांगत होते: ४६ मिमीवर जुगार खेळायची वेळ आलेली नाही.

पुनर्वसूच्या पावसाला तरणा आणि पुष्याच्या पावसाला म्हातारा म्हणतात, आश्लेषाला आसळका. "पडल्या मघा तर चुलीपुढं हगा, न पडल्या तर वर ढगाकडं बघा" ही म्हण शिवराळ वाटली तरी हिशोबी आहे. मघा, म्हणजे १७ ते ३० ऑगस्ट, हा सोयाबीनला शेंगा धरायचा आणि भरायचा काळ. तेव्हाचं पाणी हुकलं तर नंतरच्या पावसानं दाणा मोठा होत नाही.

नक्षत्राच्या वाहनाचं, म्हणजे पंचांग त्याला जोडतं त्या प्राण्याचं, मात्र मी मनावर घेत नाही. सूर्य नक्षत्रात शिरतो तेव्हा चंद्र सूर्याच्या नक्षत्रापासून कितव्या नक्षत्रात आहे ते मोजायचं, ९ नं भागायचं, बाकी १ उरली तर घोडा, २ कोल्हा, ३ बेडूक, ४ मेंढा, ५ मोर, ६ उंदीर, ७ म्हैस, ८ गाढव, शून्य उरलं तर हत्ती. बेडूक, म्हैस, हत्ती आले की भरपूर पाऊस, कोल्हा-मेंढा आले की ओढ. या गणितात समुद्र नाही, वारा नाही, आणि जे वाहन पावसाच्या महाबळेश्वरला तेच कोरड्या आटपाडीला. पंचांगात वाचायला गंमत आहे, बियाण्याची पिशवी त्यावर फोडू नये. पावशा पक्ष्याचंही तसंच. तो "पेरते व्हा" म्हणतो ते आपल्याला नव्हे, मादीला. विणीचा काळ उन्हाळ्यातच सुरू होतो, म्हणून तो पावसाच्या कितीतरी आधीपासून कंठशोष करतो.

एक कामाची गोष्ट: मंडळाचं यंत्र तुमच्या रानापासून पाच-सात किलोमीटरवर असेल तर ते ४६ मिमी तुमचे नाहीतच. सरळ उभ्या बाजूंचा पत्र्याचा डबा घ्या, तोंड आणि बूड एकाच मापाचं हवं. खांबावर, झाडा-भिंतीपासून त्यांच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर बसवा. रोज सकाळी साडेआठला स्टीलची पट्टी बुडवून वाचा आणि ओता. पट्टीचा शून्य टोकापासून सुरू होतो ना, हे बघून घ्या, बऱ्याच पट्ट्यांना पुढं कोरी जागा असते. १ मिमी म्हणजे एकरी सुमारे ४,०४७ लिटर पाणी. २.५ मिमीच्या खालचा दिवस पावसाचा म्हणून धरू नका, खातंही धरत नाही.

खाचरवाला

कोकणातून एक भर. वरची चर्चा वाचून मजा वाटली, कारण आमच्याकडे सगळं उलटं.

भाताला वापसा लागतो तो फक्त रोपवाटिकेत. रोहिणीत धूळवाफेवर पेरलं तर तेवढाही बघत नाहीत. हेक्टरी लावणीला १० गुंठ्यांची रोपवाटिका पुरते. लावणीच्या रानात मात्र आम्ही मुद्दाम तेच करतो जे तुम्ही टाळता: पाणी भरलेल्या खाचरात नांगर फिरवून चिखल लिंपतो, म्हणजे खालचा थर दाबून बंद होतो आणि पाणी झिरपत नाही. तुमचा दोष तो आमचा बांधकामाचा माल. काळ्या रानात चिखलणी केलेल्या माणसाच्या पाठीत बाबांनी काठी घातली असती.

रोपं २१ ते २५ दिवसांची झाली की दोन-तीन काड्या, दोन-तीन सेंमी खोल. जास्त खोल गेली की फुटवे अडतात. बाकी आम्हाला घात म्हणजे खाचरात पाणी उभं राहणं. तेवढं झालं की अख्खी वाडी एकदम रानात.

शिवारफेरी

सगळ्यांचे आभार. आज तीन जागा खणून बघितल्या. काळ्यात शेवई न तुटता वळतेय आणि सळई साधारण ६ इंचांवर अडतेय. म्हणजे वरून जास्त ओली आणि खालून कोरडी, दोन्ही एकदमच! मुरमाडात लाडू छान फुटतोय. मग परवाच्या पाळीला निदान मुरमाड उरकून घेऊ का? आणि बियाणं घरचं आहे, एकरी ३० किलो धरलंय, ते बरोबर आहे ना?

तिफण

भाऊ, दोन्हीला "थांबा" म्हणणार आहे.

मुरमाडाला वापसा आलाय, पण साठा नाही. तसल्या रानात पाणी लवकर खोल जातं आणि धरून ठेवायची ताकद काळ्याच्या निम्मीच. पेराल, छान उगवेल, आणि आठ दिवस उघडीप पडली की माना टाकेल. वापसा आणि साठा हे दोन वेगळे प्रश्न आहेत, लोक नेमकं इथंच फसतात. खरं तर त्या दीड एकरात सोयाबीन नकोच. बाजरी आणि तूर घ्या. बाजरी २-३ सेंमीवरच टाका, तिच्या बारीक दाण्याला खोलवरून वर यायचा दम नसतो.

बियाण्याची उगवण आधी तपासा. गोणपाट भिजवून निथळून घ्या, त्यावर दहा-दहाच्या दहा ओळींत १०० दाणे मांडा, दुसऱ्या ओल्या तुकड्यानं झाका, गुंडाळी करून सावलीत ठेवा. रोज नुसतं शिंपडायचं, बुडवायचं नाही. सात दिवसांनी नीट कोंब आलेले मोजा. दाणे वेचून निवडक घेऊ नका, पोत्याच्या वरून, मधून, तळातून हात घालून येतील ते घ्या. ७० उगवले तर एकरी ३० किलो. कमी भरले तर २१०० ला आलेल्या आकड्यानं भागा: ६५ ला साधारण ३२ किलो, ६० ला ३५. ६० च्याही खाली गेलं तर ते बियाणं तेलाच्या घाण्याला द्या. आणि पोती आपटू नका. सोयाबीनचं साल पातळ, कोंब सालीलगतच असतो. उंचावरून टाकलेल्या पोत्यातलं बी दिसायला चांगलं आणि उगवायला निम्मं, असं होतं.

खोली ३ ते ५ सेंमी, ओळीत ४५ सेंमी. सहा फणांच्या यंत्राला चार तास सोयाबीन, दोन तास तूर हे बरोबर बसतं, पण पेटीतले कप्पे वेगळे आहेत का ते आधी विचारा. ५ सेंमीच्या खाली गेलेलं सोयाबीन वर येता येता मान मोडतं. त्यात पेरणीनंतर जोराची सर आली आणि वर ऊन पडलं की काळ्यावर पापडी धरते, मग उथळ पेरलेलंही अडतं. उताराला आडवं पेरा, हे काही सांगायला नको.

आता पाळी. पूर्वी भारी रानाची घात तीन-चार दिवसांची, मग ती साधायला इर्जिक घालायचे. गावातली दहा-बारा औतं एकाच्या रानात, संध्याकाळी त्याच्या घरी जेवण, उद्या दुसऱ्याचं रान. त्यात क्रम मातीवरून लागायचा: आधी माळाची हलकी रानं, मग मध्यम, शेवटी नदीकाठची काळी. ट्रॅक्टर आला आणि क्रम फोनवरून लागायला लागला. ज्यानं आधी फोन केला त्याचं रान आधी, मग माती काहीही म्हणो. ट्रॅक्टरवाल्याचा यात दोष नाही. त्याला दिवस भरायचाय, आणि तो तुमच्या रानात वाकून ढेकूळ बघणार नाही, ते तुमचं काम. तेव्हा पाळी रद्द करू नका, बदलून घ्या. यादीत तुमच्या मागं ज्याचं बाजरीचं हलकं रान असेल त्याला परवाचा दिवस द्या आणि त्याचा घ्या. दोघांचंही जमतं.

पर्जन्यमापक

खानदेशात कापूस धूळपेरणीनं पावसाआधीच टोबतात, मग सोयाबीनला एवढी वाट कशाला, असं कुणी विचारायच्या आत लिहितो. कापसाचं साल जाड, दोन झाडांतलं अंतर मोठं, आणि नांगी (न उगवल्यानं रिकामी राहिलेली जागा) पडली तर माणूस हातानं भरून घेतो. सोयाबीनच्या एकरी लाखाहून जास्त रोपांत नांग्या भरणार कोण? शिवाय खानदेशात बऱ्याच जणांकडं विहिरीचं एक पाणी हाताशी असतं.

तिफण

बरोबर. आणि शिवारफेरी, ज्या दिवशी शेवई तुटेल आणि सळई हातभर जाईल त्या दिवशीही यंत्र सोडून चहाला जाऊ नका. पहिली दहा पावलं पेरून थांबवा. फण वर उचलून बघा: माती चिकटून गोळा झाला असेल तर अजून एक दिवस, नुसती धूसर ओल लागून फण चमकत असेल तर चालू द्या. मग तासात बोट घालून बी किती खोल आहे ते पाहा, दोन पेरांपर्यंत ठीक. आणि मागच्या चाकाचा ठसा बघा. नक्षी स्पष्ट उठून तिच्यात पाणी चकाकलं तर बंद करा. नक्षीच्या कडा ढासळत असतील तर सोडा गाडी पुढं.